चीजवाल्याच्या मुलीने गावातच राहावं

३ मे, शनिवार
शारजाच्या मराठी मंडळाच्या संगीत नाटकात रोल मिळाला. कॉमेडी आहे. आल्प्समधलं गाव, मी चीज बनवणारा बाप आणि आमची अफशा नाटकातही माझी मुलगी. डायरेक्टर अनुपमा मॅडम म्हणाल्या, मोईनभाई, तुमचा आवाज डोंगरापलीकडे जाईल. खरं आहे.
शेवट मात्र चुकीचा. मुलगी गाणं शिकायला शहरात निघते आणि बाप गावाबरोबर नाचत तिला निरोप देतो. कुठला बाप नाचेल?

५ मे, सोमवार
अफशाला पुण्याला आर्किटेक्चरची ॲडमिशन मिळाली. ईमेल आधी आईला दाखवला. मी शांत राहिलो. बायको, नूरजहाँ, म्हणते, ताट सरकवून उठण्याला शांत म्हणत नाहीत.
शारजात कॉलेजं कमी आहेत का? पुण्यात आपलं कोण आहे? नूरजहाँने विचारलं, तुम्ही एकोणिसाव्या वर्षी रत्नागिरीहून आलात, तेव्हा इथे कोण होतं?
माझी गोष्ट वेगळी होती. कशी, ते सवडीने लिहीन.

१० मे, शनिवार
प्लॅन तयार. नाटकाचा शेवट बदलायचा. अफशा रोज रिहर्सलला म्हणणार, अब्बा, मी राहते. आधी जिभेला सवय होईल, मग मनाला. सायकॉलॉजी आहे.
मॅडम तीन वेळा नाही म्हणाल्या. चौथ्या फोनला म्हणाल्या, करा काय ते, पण ही कॉमेडी आहे एवढं लक्षात ठेवा.

१७ मे, शनिवार
नवा शेवट सॉलिड. माझं भाषण फक्त चार मिनिटांचं. निरोपाचं गाणं कट. कोरसच्या बायका रुसल्या, त्यांना तेवढं एकच गाणं होतं. असो.
अफशा न अडखळता बोलली. विचारलं, शेवट पटला ना? म्हणाली, इट्स फाइन, अब्बा. फाइन म्हणजे उत्तम.

२१ मे, बुधवार
कॉलेजच्या फॉर्मवर पालकाची सही हवी, उद्यापर्यंत. मी म्हटलं, नाटक होऊ दे, मग बघू. नाटक शनिवारी आहे हे मला माहीत आहे.

२५ मे, रविवार, सकाळी
शो झाला. अफशा म्हणाली, अब्बा, मी राहते. मी भाषण पूर्ण केलं. पडदा पडला. टाळी नाही. पहिल्या रांगेतल्या जमालशेठनी विचारलं, इंटरव्हल झाला का? अर्धा हॉल बिर्याणीकडे गेला, उरलेला पुढच्या अंकाची वाट बघत बसला. शेवटी मॅडमनी माइकवर सांगितलं की नाटक संपलंय. लायटिंगवाल्याची चूक.
आत बायका मेकअप पुसत कापलेलं गाणं गात होत्या. सगळ्यांत मोठा आवाज अफशाचा. मला बघून थांबली.
गाडीत विचारलं, डायलॉग मनापासून म्हटलास ना? म्हणाली, इट वॉज अ प्ले, अब्बा.
घर जवळ आल्यावर मराठीत बोलली. म्हणाली, सही अम्मीने केलीये, गुरुवारीच. तुम्ही केली असती तर मला बरं वाटलं असतं.
पार्किंग शोधायला वीस मिनिटं लागली. आमच्या रोल्ला भागात लागतातच.

२७ मे, मंगळवार
अफशाने विचारलं, पुण्याला सोडायला याल का? मी म्हटलं, दुकानात सीझनमध्ये रजा मिळत नाही. ती बरं म्हणाली आणि खोलीत गेली.
दुपारी दुकानात रजेचा अर्ज घेतला. कारणाच्या जागी आधी 'तब्येत' लिहिलं. खोडलं. मग 'घरगुती' लिहिलं. तेही खोडलं.
मॅनेजर म्हणाला, कागद खराब झाला, दुसरा घ्या.