डाव्या बाजूचं मार्जिन

तीर्थरूप ताईस धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकायला डॉक्टरांनी सहा आठवडे मनाई केली आहे, तेव्हा हा कागदावरच वाकलो असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत, भावोजींचा खोकला थांबला का, शिलाई मशीन अजून रोज चालवतेस का, ते कळव. इकडे सगळं ठीक आहे. निदान उजवीकडे तरी.

एकशे एक्केचाळीस किलोंचा मी अडीच वर्षांत अठ्ठ्याहत्तरवर आलो, हे तुला माहीतच आहे. लोकांना वाटतं, वजन गेलं की माणूस बारीक होतो. तसं होत नाही. आतला ऐवज जातो आणि कापड जागच्या जागी राहतं. पोटावरची कातडी मी रोज सकाळी आवरून पँटमध्ये खोचत असे (शर्टाच्या आधी), आणि जिना उतरताना ती माझ्यापेक्षा अर्धी पायरी मागे असायची. म्हणून हे ऑपरेशन. जादा कातडी कापायची, उरलेली ताणून शिवायची आणि बेंबीला नवं काज पाडून द्यायचं. तीस वर्षं लोकांचे कपडे बारीक करून देणाऱ्याला यात नवं काही वाटलं नाही, आणि घोळ तिथेच झाला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी डॉक्टरबाईंनी मला आरशासमोर उभं करून जांभळ्या पेनाने पोटावर एक वर, एक खाली अशा रेघा आखल्या, मधलं सगळं कापायचं. हात चांगला आहे. तुझ्याकडे दोन वर्षं उमेदवारी केली असती, तर तू त्यांना सूट बेतायला बसवलं असतंस. आखून झाल्यावर त्या हात धुवायला गेल्या, नर्स सहीचा कागद आणायला गेली आणि पेन टेबलावर राहिलं. मी आरशात बघितलं तर मार्जिन नाही. कुठेच नाही. अगदी शिलाईच्या कडेला कापायचा बेत. माणूस आज आहे तसा उद्या राहत नाही, आत दीड इंच ठेवावं, हे तर तू मला पहिल्याच दिवशी शिकवलंस. मी स्पिरिटच्या बोळ्याने डावीकडची वरची रेघ पुसली आणि दीड इंच खाली नवी ओढली, त्यांच्याच वळणाची. उजवीकडची पुसणार तेवढ्यात नर्स आली.

ऑपरेशननंतर पोटावर बांधलेला पट्टा सुटला तेव्हा निकाल समोर आला. उजवी बाजू इस्त्री केल्यासारखी. डावीकडे कमरेवर एक वळी, खिशात हातरुमाल कोंबून विसरल्यासारखी. बेंबी उजवीकडे ओढली गेली आहे, त्यामुळे मी तुझ्याशी बोलत असलो तरी ती शेजारच्याकडे बघते. टाके मात्र एकसारखे, त्यांना नाव ठेवायला जागा नाही. तुझी भावजय म्हणाली, छान दिसतंय. मग मान जरा कलती करून पुन्हा म्हणाली, छान दिसतंय.

डॉक्टरबाईंनी फोटो काढले आणि टेपने मोजलं (टेप उलटी धरली होती, मी काही बोललो नाही). मग म्हणाल्या की चूक त्यांची, आखताना हात चुकला. येत्या शनिवारी सगळ्या डॉक्टरांच्या बैठकीत हे फोटो लावून त्या तसं सांगणार आहेत. वीस वर्षांत त्यांच्यावर ही वेळ आली नव्हती. मी खरं सांगायला दोनदा गेलो. पहिल्यांदा टाक्यांची तारीफ करून परत आलो. दुसऱ्यांदा, बाह्या आखूड करून देतो म्हणून त्यांचा पांढरा कोटच घेऊन आलो.

मार्जिन का ठेवलं म्हणशील, तर सवय हे अर्धंच कारण. याआधी मी दोनदा बारीक झालो आणि दोन्ही वेळा होतो तिथे परत गेलो. लोक हसले असते तर चाललं असतं, पण ते त्या विषयावर बोलायचेच बंद झाले. मला भीती वाटते, ताई. कातडी पुरती कापून टाकली आणि तो जुना मी परत आलो, तर तो मावणार कुठे?

बाकी क्षेम. भावोजींना नमस्कार सांग.

तुझा, सध्या दोन मापांचा,
धाकटा

ता. क. काल डॉक्टरबाईंना अखेर सांगून टाकलं की रेघ बदलली गेली होती. कोणी बदलली, असं त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून निघालं, थोरल्या बहिणीने. त्या सकाळी तू मला भेटायला आली होतीस, असं ठरलं आहे. शनिवारी बैठकीआधी त्यांना तुला भेटायचं आहे. दहाला हॉस्पिटलात ये. फार बोलू नकोस, शिवणाऱ्याची खोड म्हण आणि गप्प बस. तू वयाने मोठी, तुला कोणी रागावणार नाही.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवण्याआधी तुझ्या भावजयीने हे वाचलं आणि माझ्यादेखत डॉक्टरबाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं. तेव्हा तुझ्यावरचा आळ गेला. डॉक्टरबाईंनी फोन माझ्याकडे द्यायला सांगितला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं की ते दीड इंच काढायचं की ठेवायचं. तुझी भावजय समोर उभी होती. मी म्हटलं, विचार करून सांगतो. ती आत निघून गेली. तरी शनिवारी तू ये. ‘काढा’ म्हणायचं मी ठरवलं आहे, पण एकट्याने ते तोंडातून निघत नाही.