फायनलचा माईक

२० नोव्हेंबर २०२२, रविवार

आजपासून फुटबॉलचा वर्ल्ड कप. कतारमध्ये. गावात कोणाला पत्ता नाही. सकाळी पानठेल्यावर सांगितलं तर पहिला प्रश्न आला, "इंडियाची मॅच कोनासंग हाय गुरुजी?" विचारणारा माझाच विद्यार्थी. एकतीस वर्षं झेडपीच्या शाळेत भूगोल शिकवला, त्याचं हे फळ.

संकल्प : महिनाभर रोज पानठेल्यावर दहा मिनिटं सामन्याचं विश्लेषण करायचं. फुकट. या गावाची पातळी वर उचलायची तर कोणीतरी वाकलंच पाहिजे.

आमच्या डिशवर ते चॅनेल नाही. मुद्दामच घेतलं नाही. सामना बघणारा फक्त चेंडू बघतो, सामना वाचणारा खेळ बघतो. समुद्रपूरच्या बसने नऊ वाजता पेपर येतो, मला तेवढा पुरे. मोबाईलसुद्धा मी साधाच ठेवतो. स्मार्टफोन सौ. मंदाकडे आहे. तिला तशा गोष्टींची गरज पडते.

२२ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी ३

अर्जेंटिना विरुद्ध सौदी अरेबिया. पानठेल्यावर जाहीर करून आलो, अर्जेंटिना किमान पाच गोल मारणार. कारणही दिलं. अर्जेंटिनात पंपास नावाचा गवताळ प्रदेश आहे, सौदीत वाळू. वाळूतला माणूस गवतावर किती धावेल? 

संध्या. ७

सौदी दोन, अर्जेंटिना एक. सौ.ने फोनमध्ये पाहून सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

माझं अनुमान बरोबरच होतं. अर्जेंटिना चुकली.

२३ नोव्हेंबर

पानठेल्यावर गेलो नाही. घसा खवखवतो आहे.

२७ नोव्हेंबर, रविवार

मांडव-बिछायत भाड्याने देणाऱ्या आदेशने नवीन उद्योग काढला आहे. लग्नातला मोठा पडदा समाजमंदिरासमोर लावला, मोबाईल जोडला आणि मॅच सुरू. शे-दीडशे लोक जमले. दिवसभर कापूस वेचलेल्या बायासुद्धा शाली पांघरून आल्या. गावाला फुटबॉल पाहायचा होता तर आधी मला विचारायला हवं होतं. असो.

खरा अनर्थ पुढेच. मोबाईलवरची कॉमेंट्री कोणाला कळेना, म्हणून आदेशने ती बंद केली आणि माईक दिला प्रेमदासच्या हातात. हा प्रेमदास शंकरपटाच्या शर्यतीत बैलजोड्या सुटल्या की भोंग्यावरून बोंबलतो. तालुक्यात त्याचं नाव आहे म्हणे. चौथीत मी त्याला दोनदा नापास करून बसवला होता.

बेल्जियम विरुद्ध मोरोक्को हा आंतरराष्ट्रीय दर्जाचा सामना, आणि माईकवर काय चाललं होतं? "सुटली सुटली सुटली, मोरोक्कोची जोडी सुटली! बेल्जियमचा धुरकरी झोपला, कासरा ढिला पडला, पाह्य बाप्पा पाह्य, गेऽऽला!" लोक उड्या मारत होते. मी मागे पिंपळाखाली फक्त पाहणीसाठी उभा राहिलो. दोन तास.

निष्कर्ष : हे थांबवलं पाहिजे. माईक माझ्या हातात आला पाहिजे.

४ डिसेंबर

कॉमेंट्रीची वही तयार. चाळीस पानं. प्रत्येक देशाची राजधानी, नद्या, खनिजं, मग खेळाडू. खेळाडूंसाठी जागा थोडी कमी पडली. फ्री किकला "मुक्त लाथ" म्हणायचं ठरवलं. सौ.ला वाचून दाखवली. दुसऱ्या पानावर ती म्हणाली, कुकरची शिट्टी झाली. शिट्टी मला ऐकू आली नाही.

पोलीस पाटील वासुदेवराव माझे जुने स्नेही. त्यांच्या कानावर घातलं. शनिवारी पहिला हाफ मला मिळणार.

१० डिसेंबर, शनिवार. रात्री ११

पोर्तुगाल विरुद्ध मोरोक्को, क्वार्टर फायनल. माईक माझ्याकडे. सुरुवात शास्त्रशुद्ध केली. आधी मोरोक्कोचं स्थान आणि विस्तार, मग अॅटलास पर्वत, मग भूमध्यसागरी हवामान. लोक पडद्याकडे पाहत होते, पण कान माझ्याकडे असणार.

बेचाळिसाव्या मिनिटाला गोल झाला. मी तेव्हा फॉस्फेटच्या साठ्यांवर होतो. लोक अचानक ओरडायला लागले. मी माईकवरून सांगितलं, शांत बसा, मागचे कोण आहेत ते, उभे राहा. ते आधीच उभे होते. पडद्यावर पुन्हा दाखवलं तेव्हा समजलं की मोरोक्कोने गोल मारला आहे. फॉस्फेटचा मुद्दा अर्धवट राहिला.

हाफटाइमला माईक प्रेमदासकडे गेला तेव्हा प्रचंड टाळ्या पडल्या. माझ्या पहिल्या हाफसाठी असणार, लोकांना कळायला जरा वेळ लागतो. सौ.ने घरी आल्यावर फक्त "मोरोक्कोत पाऊस कमी पडते म्हनता त?" एवढं विचारलं.

१५ डिसेंबर, गुरुवार

फायनल रविवारी, साडेआठला. अर्जेंटिना आणि फ्रान्स. सगळं गाव येणार, शेजारच्या दोन गावांतूनही ट्रॅक्टर भरून येणार आहेत.

आज संध्याकाळी आदेश घरी आला. बसला, चहा घेतला, म्हणाला, "गुरुजी, फायनलले तुमी बोलता का माईकवर?"

अखेर आला. मला ठाऊकच होतं.

आता अशा वेळी भल्या माणसाने एकदम हो म्हणायचं नसतं. पहिल्यांदा नाही म्हणायचं. दुसऱ्यांदा तब्येतीचं सांगायचं. तिसऱ्यांदा, आता एवढा आग्रहच करता तर, म्हणून उठायचं. लग्नात दुसरी जिलबीसुद्धा आपण अशीच घेतो. म्हणून मी म्हणालो, नको रे बाबा, आता आमचं काय, तुम्हा तरुणांचे दिवस आहेत.

आदेश म्हणाला, "बरं गुरुजी." आणि गाडीला किक मारून गेला.

उद्या येईल. वही काढून फ्रान्सची द्राक्षं पुन्हा वाचली.

१६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, ओट्यावर बसलो. सौ.ला दूध जास्त घ्यायला सांगितलं. आदेशची गाडी दारावरून तीनदा गेली. तिन्ही वेळा त्याने हात केला. तिसऱ्यांदा मी "तब्येत जरा" एवढं म्हणालोसुद्धा. तो म्हणाला, "जपा गुरुजी, थंडी हाय."

आजच्या पिढीला आग्रह करता येत नाही. संस्कारच नाहीत.

रात्री

ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. मला तो माईक हवा आहे. एकतीस वर्षं पोरं माझ्यासमोर बसली ती घंटा व्हायची होती म्हणून. एकदाही असं झालं नाही की कोणी आपणहून थांबलं आणि माझं शेवटपर्यंत ऐकलं. त्या अडाण्याचं ऐकायला म्हाताऱ्या बाया थंडीत दोन तास उभ्या राहतात. याचा मला राग येतो. फार येतो. झोप लागत नाही.

१७ डिसेंबर, शनिवार

पानठेल्यावर कळलं, फायनलला प्रेमदास. "गुरुजीनं सोताच नाई म्हटलं ना," असं आदेश सगळ्यांना सांगत फिरतो आहे. शेजारच्या गावांत दवंडीसारखं पोचलं आहे. प्रेमदासने म्हणे नवीन फेटा आणला.

ठीक आहे. मी कायदा जाणणारा माणूस आहे. दहा वाजल्यानंतर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे. पोलीस पाटलांना निनावी अर्ज केला. सुवाच्य अक्षर, समास सोडून, विषय, संदर्भ, महोदय. खाली सही "एक त्रस्त नागरिक". पाकीट त्यांच्या दाराच्या फटीतून आत सरकवलं. कोणी पाहिलं नाही.

संध्या. ६

वासुदेवराव आले. हातात अर्ज. म्हणाले, "गुरुजी, याच्यावर तुमचा शिक्का हाय."

पाहिलं. "सेवानिवृत्त मुख्याध्यापक", खाली माझं नाव. वर डाव्या कोपऱ्यात जावक क्रमांक १/२०२२. सवयीने हात गेला असणार. कोणीतरी शिक्का चोरला असावा, असं मी म्हणालो. ते म्हणाले, "अर्ज वापस घेता का? लहान लेकरासारखं काऊन करून राह्यले?" मी म्हणालो, कायदा सर्वांना सारखा. ते म्हणाले, "मंग मले दहाले जा लागन." आणि चहा न घेता गेले. हे घर बांधल्यापासून वासुदेवराव पहिल्यांदा चहा न घेता गेले.

तत्त्वासाठी किंमत मोजावी लागते.

१८ डिसेंबर, रविवार. रात्री ८.२०

सौ. शाल आणि फोन घेऊन चौकात गेली. "चला ना," म्हणाली. मी नाही म्हणालो. तिनेही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

मी घरीच आहे. कानटोपी, गोधडी, वही. खिडकी उघडी ठेवली आहे, हवा खेळती राहावी म्हणून. भोंगा ऐकू येतो त्याला माझा इलाज नाही.

८.५५

अर्जेंटिना एक. पेनल्टीवर. प्रेमदास म्हणतो, "बैल एकटा, गोठा उघडा, आता कोन आडवते?" फालतू उपमा. मी गोधडीतून उठलो ते पाणी प्यायला.

९.०७

अर्जेंटिना दोन! चेंडू या टोकापासून त्या टोकापर्यंत चार-पाच पायांतून कसा गेला, ते त्या माणसाने एका दमात सांगितलं. मला खोलीत बसून दिसलं. पेपरात असं कधी दिसत नाही. हा अर्थातच चेंडूचा गुण.

९.५०

फ्रान्स मेलेलं आहे. त्यांचा फॉरवर्ड कुठे आहे म्हणून प्रेमदासच विचारतो आहे. पाणी प्यायला चारदा उठलो. तांब्या भरलेलाच आहे.

१०.००

भोंगा बंद. वाक्याच्या मध्येच. वासुदेवराव वेळेचे पक्के.

१०.२०

चौकात एकदम सामसूम. टाळी नाही, ओरडणं नाही. म्हणजे आवाज बंद होताच लोक उठून घरी गेले. यांचं फुटबॉलप्रेम एवढंच, तमाशा संपला की झालं.

निकाल : अर्जेंटिना विजयी, दोन-शून्य. उद्या सर्वांच्या आधी पानठेल्यावर जाऊन विश्लेषण करणार. झोपतो. सौ. अजून आली नाही, कोणाच्या तरी ओट्यावर बोलत बसली असेल.

१९ डिसेंबर, सोमवार

सकाळी निघताना सौ. म्हणाली, "अहो, कालचं आयकून त जा." मी म्हणालो, मला स्कोअर सांगू नकोस, मला माहीत आहे. ती म्हणाली, "मंग आज पानठेल्यावर नका जाऊ." प्रकृतीची काळजी. गेलो.

साडेसातला सगळे तिथेच होते. आदेश, वासुदेवराव, प्रेमदास, आणखी पंधरा-वीस जण. डोळे तांबारलेले. मी उभा राहिलो आणि बोललो. म्हणालो, सामना एकतर्फी झाला. फ्रान्सला कणाच नव्हता. त्यांचा तो नावाजलेला फॉरवर्ड शेवटपर्यंत झोपून राहिला, अशा खेळाडूला मी तालुक्याच्या टीममध्ये घेतला नसता. दुसऱ्या हाफमध्ये पाहण्यासारखं काही नव्हतं म्हणून लोक उठून गेले, ते एका अर्थी बरोबरच केलं.

कोणी मध्ये बोललं नाही. कोणी हसलं नाही. पंधरा मिनिटं सगळे माझं शेवटपर्यंत ऐकत होते. एकतीस वर्षांत असा वर्ग मिळाला नव्हता.  मी "काही शंका?" असं विचारलं.

वासुदेवराव चहाच्या पेल्यात पाहत होते. प्रेमदास हळूच म्हणाला, "बराबर हाय गुरुजी. दहा वाजता दोन-शून्यच होतं."

मग त्याने सांगितलं. माईक बंद झाला, पण माणसं उठली नाहीत. मोबाईलचा आवाज तर आधीपासूनच बंद होता. दहानंतर दहा-पंधरा मिनिटांतच फ्रान्सने, त्याच फॉरवर्डने, दोन मिनिटांत दोन गोल मारले. दोनशे माणसांनी तोंडात शाली-दुपट्टे कोंबले. "आवाज केला त गुरुजीची झोपमोड होईन, मनून." हे तो खरोखरच म्हणाला, टोमणा नव्हता. जास्तीचा वेळ मिळाला. अर्जेंटिनाने तिसरा मारला. बाया एकमेकींचे हात दाबत रडल्या. मग परत तोच फॉरवर्ड, तीन-तीन. मग एकेक लाथ मारून निकाल लावायचा ठरला, आणि प्रेमदासने माईकशिवाय, नुसत्या हातांनी बैल हाकत, पहिल्या रांगेला समजावून सांगितलं.

मी पानठेल्याच्या बाकावर बसून ऐकत होतो. मध्ये एकदाही बोललो नाही. फक्त अधूनमधून "हो, याची मला कल्पना होती" असं म्हणालो.

तेवढ्यात आठची बस आली. प्रेमदासच्या वावरात कापूस वेचायला बाया येऊन थांबल्या होत्या, कोणीतरी त्याला हाक मारली आणि तो गोष्ट तिथेच टाकून निघाला. बाकीचेही पांगले. पेपर यायला अजून एक तास. घरी जाऊन सौ.ला विचारायचं तोंड नव्हतं.  मग उठलो, वावराच्या वाटेने भरभर चालत गेलो, बैलगाडीजवळ त्याला गाठलं. आजूबाजूला कोणी नाही हे पाहून घेतलं आणि विचारलं, "प्रेमदासजी, मग जिंकलं कोण?"