खुर्ची जाळीच्या मागे

ती. दादांना,

गुडघे परवानगी देतात तेवढे वाकून नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? मागच्या पत्रात तुम्ही ती बरी असल्याचे लिहिले होते, पण अक्षर तिरके होते, तेव्हा तुम्ही पडल्या पडल्या लिहिले असणार असा तुमच्या बहिणीचा अंदाज आहे. नव्या कवळीशी जमले का? इकडे आम्ही दोघेही धडधाकट आहोत. (हे किती नशिबाने, ते पुढे येईलच. घाबरू नका, आधी सगळे वाचा.)

तुम्हाला ठाऊकच आहे, निवृत्त झाल्यापासून दर रविवारी मी गावाबाहेरच्या मैदानावर रिमोटवरची विमाने उडवायला जातो. (तुम्ही याला पोरखेळ म्हणता. माझ्या विमानाचा पुढचा पंखा गाजर सहज चिरतो. मी चिरून पाहिले आहे, आणि त्यावरून घरात जे झाले तेही तुम्हाला कळले असेलच.) यंदा क्लबाने मला सुरक्षाप्रमुख केले. निवड बिनविरोध झाली, कारण ती झाली तेव्हा मी चहाचे कप विसळायला गेलो होतो. पण आयुष्यभर इमारतींच्या लिफ्ट तपासलेला माणूस मी, मला शिस्त शिकवावी लागत नाही. दुसऱ्याच रविवारी पिवळे जाकीट आणि शिट्टी घालून हजर झालो. पांढऱ्या रेषेपुढे पाऊल नाही. पंखा फिरत असताना समोर उभे राहणे नाही. विमान उतरवताना मोठ्याने ओरडून सांगायचे. बघ्यांनी जाळीच्या मागेच बसायचे. आणि उड्डाणाआधी प्रत्येकाने रिमोटची दांडी डावीकडे-उजवीकडे हलवून विमानाला त्या बाजूला कलवणाऱ्या दोन्ही पंखांवरच्या पट्ट्या बरोबर हलतात का, ते बघायचे.

लोकांनी माझ्या नावाने बोटे मोडली, पण मी बधलो नाही. आमच्यात एक दातांचे डॉक्टर आहेत. दिवसभर लोकांच्या तोंडात बोटे घालून त्यांची भीड इतकी चेपली आहे की चालू पंख्याजवळही हात नेतात. त्यांना मी एक रविवार बाकावर बसवले. क्लबातल्याच बेकरीवाल्यांनी विमान गाड्यांच्या वरून नेले, त्यांना दोन रविवार. (त्यानंतर बिस्किटे येणे बंद झाले. तत्त्वासाठी तेही सोसले.) मैदानावर फक्त एकाच व्यक्तीला माझी शिट्टी लागू नव्हती. तुमची बहीण आपली घडीची खुर्ची जाळीच्या पुढे टाकून, ऊन खात, तुमच्यासाठी स्वेटर विणत बसायची. डॉक्टरांनी एकदा तिकडे बोट दाखवले. मी म्हणालो, ही सभासद नाही, तेव्हा नियमात बसत नाही. खरे कारण तुमच्यापासून काय लपवायचे? हिला ऊठ म्हणायची माझी छाती नव्हती, आणि थर्मास तिच्याकडे असायचा.

तर मागच्या महिन्यात माझ्या लाल विमानाच्या पंखातल्या तारा मी घरी बदलल्या. मैदानावर तपासणीही केली, अगदी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. दादा, ही तपासणी विमानाच्या मागे उभे राहून करायची असते. पण मागे उभे राहिले की डॉक्टरांकडे पाठ होते, आणि त्यांच्याकडे पाठ करणे मला धोक्याचे वाटले. म्हणून मी विमानासमोर उभा राहिलो. त्यांच्यावर एक डोळा ठेवून दांडी डावीकडे ढकलली, विमान माझ्या डाव्या हाताला कलेल अशा पट्ट्या हलल्या, आणि मी खूश झालो. माझा डावा हात म्हणजे विमानाचा उजवा, हे ते हवेत गेल्यावर लक्षात आले. तारा मी उलट्या जोडल्या होत्या. विमान उजवीकडे जाळीच्या दिशेने कलले, मी डावीकडे वळवू लागलो, ते आणखी उजवीकडे गेले. जितके समजवावे तितके ते हट्टाला पेटले. आणि सरळ खुर्चीत शिरले.

खुर्ची रिकामी होती. बेकरीवाल्यांकडच्या डब्याचे झाकण उघडत नव्हते, म्हणून ही नुकतीच उठून गेली होती. (बिस्किटे पुन्हा सुरू होण्याचा तो पहिला दिवस. बेकरीवाल्यांना मी आता काहीही बोलत नाही.) खुर्चीचे कापड उभे फाटले, तुमच्या स्वेटरची बाही पंख्याला गुंडाळली गेली. कोणी हसले नाही. मी स्वतःवर शिट्टी वाजवली, स्वतःला महिनाभर बाकावर बसवले आणि जाकीट काढून हिच्या खांद्यावर टाकले. टाळ्या पडल्या, जरा जास्तच पडल्या. आता हीच सुरक्षाप्रमुख आहे. शिट्टी वाजवतच नाही, चष्म्यावरून नुसती बघते. (ती नजर तुम्ही लहानपणापासून ओळखता.) डॉक्टर हल्ली हात मागे बांधून फिरतात.

माझी शिक्षा संपली. विमान दुरुस्त झाले, तारा सरळ झाल्या. येत्या रविवारी वार्षिक मेळावा आहे आणि पहिले उड्डाण माझे आहे. बाकी सर्व ठीक. वहिनींना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

तुमचा,
जमिनीवर असलेला मेहुणा

ता.क. एक छोटेसे काम. रविवारी तुमच्या बहिणीला तुमच्याकडे बोलावून घ्या. कंबर धरली म्हणून कळवा. फार धरली म्हणू नका, नाहीतर ती मलाही बरोबर आणेल.

ता.क. २. कारण विचाराल म्हणून लिहितो. रिमोट हातात घेतला की मला ती फाटलेली खुर्चीच दिसते आणि मी तो खाली ठेवतो. दोनदा मैदानावर जाऊन, बॅटरी उतरली असे सांगून परत आलो. ही समोर बसलेली असेल तर माझ्याच्याने उडवणे होणार नाही. मला फार भीती वाटते, दादा. हे तिला सांगू नका.

ता.क. ३. दादा, पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडेच दिलं. कंबर धरू नकोस, रविवारी वहिनीला घेऊन इकडेच ये. बॅटरी उतरली नव्हती, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, मीच चार्ज करून ठेवली होती. खुर्चीला नवं कापड लावलंय. तुझीही खुर्ची शेजारी मांडते, जाळीच्या मागे. हे विमानाच्या मागे उभे राहतील आणि डावं-उजवं मी बघेन. तुझ्या स्वेटरची एक बाही राहिली आहे, आणि ती मला मैदानावर बसूनच विणायची आहे.