टायरवर नख रोवून पाहिलं

ग्लासगो, नोव्हेंबर, गुरुवार

इलेक्ट्रिक गाडीला विंटर टायर घ्यायचे की नाही, यावरून मिलिंदचं आणि माझं आठवडाभर चाललंय. त्याचं एकच पालुपद: "रेंज कमी होईल, एका चार्जमध्ये गाडी कमी पळेल." नवरा इंजिनिअर असला की हे असं!

आज सुट्टी होती, म्हणून टायरवाल्याकडे जाऊन आले. म्हाताऱ्याने शेडबाहेर थंडीत ठेवलेले दोन टायर दाखवले आणि म्हणाला, "नख रोवून बघ." साध्या टायरमध्ये जाईना, नुसता दगड. विंटरमध्ये मात्र थोडं रुतलं. एवढ्या गारठ्यातही मऊ! म्हणजे पकड नक्षीत कमी आणि रबरातच जास्त? शिवाय बॅटरीमुळे आपली गाडी जड, तेव्हा जास्त वजन पेलणारेच घे म्हणाला.

घरी आल्याआल्या आपल्या टायरवर नख टेकवलं. जाईना. गेल्या जानेवारीत पेशंटकडे जाताना उतारावर मी फक्त ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला होता. ही गाडी तेवढ्यानेच ब्रेक लावते. बर्फावर घसरली ती थेट कुणाच्या तरी कुंपणाच्या झुडपात. मिलिंदला अजून सांगितलेलं नाही.

तेवढ्यात तो बाहेर आला. "काय करतेयस गं?" सांगितल्यावर त्यानेही नख रोवून पाहिलं. "घेऊया विंटर."

"आणि रेंज?"

"जानेवारीत बंपरमध्ये झुडपाची फांदी अडकली होती. मीच काढली."

म्हणजे हा आठवडाभर रेंजसाठी भांडत होता, की मी कधी सांगते याची वाट बघत होता?