मिठाच्या पाण्यातला पाऊण तास

आषाढ वद्य पंचमी, बुधवार. फुलचूर.

बाईला तिथं न्यायलाच नको होतं.

कुडव्याला नवीन फ्लोटेशन थेरपी निघाली आहे. खारट, कोमट पाण्याच्या टाकीत माणूस नुसता तरंगतो. बातमीसाठी बोलावणं मला होतं, पण मी मोठ्या बहिणीला, बाईला, पुढं केलं. वाकून वाकून भाताची रोपं लावायच्या रोवणीनं तिची पाठ पार गेली आहे. कूस बदलतानाही कण्हते.

पायाच्या बोटांमधल्या चिखल्यांना मीठ झोंबू नये म्हणून तिथल्या मुलीनं आधी व्हॅसलीन लावलं. मी चिडवलं, "साक्षात शेषशायी विष्णू दिसतेस." बाई म्हणाली, "त्याले कुठं रोवणी कराची रायते?"

पाऊण तासानं बाहेर आली. "कैसा लगा, माँजी?" मुलीनं विचारलं.

"मले पाठ हायच नाही असं वाटलं."

मी वहीत टिपलं: अंग हलकं होतं, स्नायू सैलावतात, मन निवतं. सगळं खरंच आहे, हीच तर पंचाईत.

परतताना गाडीवर मागून म्हणाली, "कायले नेलं रे तिथं मले? एवढी वर्षं दुखनं समजतच नोतं. आता समजून राहिलं."

उद्या शेजारणीच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी. ती हिच्याकडे रोवायला आली होती, म्हणजे हिला जायलाच हवं. थांब म्हणालो, तर नुसती हसली.

हे बातमीत कुठं घालू? फायद्यांत?

पायांवरचं व्हॅसलीन तिनं अजून पुसलेलं नाही. म्हणते, राहू दे, सकाळी चिखलात कामी येईल.