कॅसेटमधल्या बाईच्या मागून

तात्या, जर्मन भाषेच्या तोंडी परीक्षेत मी नापास झाले. तुमच्यामुळे, असं लिहिलं, मग खोडलं, आणि आता पुन्हा लिहिते आहे: तुमच्यामुळे. मी बारामतीच्या एका दवाखान्यात नर्स आहे. पास झाले असते तर जर्मनीतल्या एका हॉस्पिटलात माझी नोकरी पक्की होती. आता त्या हॉस्पिटलनं परीक्षेला आणखी एकदाच बसायची संधी दिली आहे.

शाळेत घालण्याआधी तुम्ही मला कळस गावातल्या आपल्या घरी, स्वयंपाकघरातच शिकवायला बसवलंत. आई भाकरी थापते आहे, तुम्ही टेपरेकॉर्डर मांडीशी घेतला आहे, आणि त्यातली इंग्रज बाई एकेक वाक्य म्हणते आहे. तुम्ही बटण दाबून तिला थांबवायचं, मी तिच्यासारखं म्हणायचं. जीभ जरा इकडेतिकडे झाली की कॅसेट मागे. तुम्ही स्वतः मात्र कधी एक शब्द उच्चारला नाहीत. "अवं, पोरीला भाकर खाऊ द्या की," आई म्हणायची, "त्या गोऱ्या बाईला भूक लागत न्हाय, हिला लागती." तुम्हाला हसू यायचं नाही. "कालिजात माझ्या इंग्रजीला समदी हसली. हिला कोन हसाय न्हाय पायजे."

एका सकाळी दोडक्यांचे क्रेट भरताना मी मनानंच एक इंग्रजी वाक्य जुळवलं. आमच्या म्हशीला पाणी हवं आहे, एवढंच. धावत येऊन तुम्हाला म्हणून दाखवलं. तुम्ही विचारलंत, "बाई असं कवा म्हनली?"

"न्हाय म्हनली. माझं हाय ते."

"मग गप बस. तिनं म्हनल्याबिगर तोंड उघडायचं न्हाय."

म्हैस खरंच तहानलेली होती. तिला पाणी तुम्हीच पाजलंत.

तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होते. तुमचा नियम मागे राहिला. जर्मनही मी तसंच शिकले. मोबाईलवर तिकडची एक बाई बोलते, मी थांबवते, तिच्या मागून म्हणते, पुन्हा मागे नेते. क्लासमधल्या मुली म्हणतात, डोळे मिटून ऐकलं तर तू तिकडचीच वाटतेस. पुण्यात परीक्षेला समोरच्या मॅडमनी जर्मनमध्ये विचारलं, तुमच्या घरी कोण कोण असतं? तात्या, मी तोच प्रश्न त्यांना परत म्हणून दाखवला. हुबेहूब. त्या थांबल्या. मीही थांबले, त्या उत्तर कधी म्हणतात याची वाट बघत. त्यांनी दुसरं काही विचारलं, मी तेही म्हणून दाखवलं. शेवटी त्या मराठीत म्हणाल्या, "उच्चार सुरेख आहेत हो तुमचे. पण तुम्ही काही बोललाच नाहीत." कोणी हसलं नाही. तुमचं तेवढं मात्र साधलं.

आता सुट्टीला कळसला आले की मी मोबाईल घरी ठेवून बांधावरून जर्मन बोलत फिरते. विहीर, दोडक्याचा मांडव, पायातला काटा, जे समोर येईल ते. पुष्कळ चुकतं. काल आईनं मांडवाखालून विचारलं, "कुनासंगं भांडतीस गं?" मी म्हटलं, "कुनासंगं न्हाय." चुकलं की मी अजून थांबते. टोकायला कोणी नसतं, पुढचं वाक्य मलाच आणावं लागतं. त्या थांबण्यात तुमची आठवण येते, आणि रागानं येत नाही. हे मला लिहायचं नव्हतं.