दांडी किती वाकावी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

काल गोल्फच्या सातव्या होलवर तीन चेंडू मारले. तिन्ही तळ्यात! व्याही गुरुदत्तराव शेजारी उभे राहून हळहळले. म्हणजे हसले. मग मीच पैज लावून बसलो — सोळा तारखेला ज्याचा चेंडू तळं ओलांडेल, त्याच्या घरी ईराचा पहिला वाढदिवस. नातीचं बारसं त्यांच्याकडे झालं. वाढदिवस आमच्याकडेच व्हायला हवा. हरलो तर मला खरंच वाईट वाटेल.

दोष माझा नाही, ड्रायव्हरच्या, म्हणजे लांब मारायच्या काठीच्या, दांडीचा आहे. ती फार वाकते की कमी, एवढंच कळत नाही.

५ नोव्हेंबर

तीन तज्ज्ञ, तीन मतं. जयनगरच्या दुकानातल्या कार्तिकने मशीनसमोर उभं केलं. ड्रायव्हरचा वेग ताशी बाहत्तर मैल. "सीनियर दांडी घ्या, अंकल." म्हणजे म्हाताऱ्यांची, जास्त वाकणारी. अंकल! निवृत्त होऊन चौदाच महिने झालेत.

कोच शिवाप्पा कन्नडमध्ये म्हणतो, "रेग्युलर साकु, सर." रेग्युलर पुरे.

गुरुदत्तराव म्हणाले, "स्टिफच घ्या, मधुकरराव. स्वल्प कडक असली की चेंडू सरळ जातो. सरी, ठीक ना?" पैज ज्याच्याशी, त्याचाच सल्ला. पण स्टिफ ऐकायला किती बरं वाटतं!

७ नोव्हेंबर

शिवाप्पाने तिन्ही प्रकारचे ड्रायव्हर पैजेपर्यंत वापरायला दिले. चौतीस वर्षं विमानाच्या पंखांची कंपनं मोजली, ही तर नुसती काठी. पुरणयंत्राचा क्लॅम्प काढून दांडी ओट्याला आवळली, टोकाला तूरडाळीची पिशवी टांगली. स्टिफ अकरा सेंटिमीटर वाकली. रेग्युलर चौदा. सीनियरच्या वेळी पिशवी फुटली.

बायकोने, हेमलताने, सूप आणलं. ती न बोलता डाळ वेचायला बसली की घरात थांबू नये. खाली जाऊन सोसायटीला नऊ फेऱ्या मारल्या.

८ नोव्हेंबर

वरणात खडा लागला. तक्रार केली नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज चूक सापडली. लेबल दिसलं की मन पक्षपात करतं. हेमलताला म्हणालो, तिन्ही लेबलांवर टेप लाव, वर एक-दोन-तीन लिही आणि कुठली कोणती ते मला सांगू नकोस. वाटलं होतं, डाळीचा राग निघेल. तर म्हणाली, "आणा इकडे. उद्यापर्यंत करून ठेवते." बायको असावी तर अशी.

तिचा उजवा हात काळवंडलाय, डावा मात्र गोरा. स्कूटरमुळे म्हणे. स्कूटरवर दोन्ही हात असतात, पण विचारलं नाही — भजनी मंडळाला उशीर होत होता. टोपी घालून गेली.

१३ नोव्हेंबर

प्रत्येक ड्रायव्हरने चाळीस चेंडू. आलेख काढला. दोन नंबर निर्विवाद! ती स्टिफच असणार. मनगटाला कळतं.

खांदा दुखतोय.

१६ नोव्हेंबर, रविवार

ओलांडलं! दोन नंबरने चेंडू तळ्यापलीकडे, गवतावर. मी शांत उभा राहिलो, जणू रोजचंच आहे. मनात ईराच्या आईला, देवश्रीला, फोन लावून झालाही होता. मग गुरुदत्तरावांनी मारला. तोही पलीकडे.

मी त्यांच्या दांडीकडे पाहिलं. लेबलावर टेप. निळी, आमच्या खणातली.

"ही कुणी लावली?"

"आमच्या हिने, क्षमाने. म्हणाली, लेबल बघून तुम्ही घाबरता. टेप हेमलताताईंनी दिली."

दोघांनी नखांनी टेप सोलली. माझ्या दांडीवर लेडीज. त्यांच्या दांडीवर लेडीज. बाकावर जाऊन बसलो. टेपची गोळी करत गुरुदत्तराव म्हणाले, "शिवाप्पाला सांगायचं नाही."

१७ नोव्हेंबर

भजनी मंडळ ऑगस्टपासून बंद आहे. दर मंगळवारी दोघी विहिणी शिवाप्पाकडे शिकायला जातात. हातमोजा फक्त डाव्या हातात घालतात. दोन नंबर हेमलताचा स्वतःचा, शिवाप्पाच्या तीनपैकी एक काढून तिथे ठेवलेला.

वाढदिवस कुणाकडे, ते रविवारी सातव्या होलवर त्या दोघी ठरवणार आहेत. मला बॅग उचलायला बोलावलंय.